भैंशापर्यंतची वेणी

गिरदावर माणसाच्या तोंडाकडे बघत नसत, भांगाकडे बघत. अंगणात कोणी बाई येऊन उभी राहिली की ते हातातला पेपर खाली करत, तिच्या कपाळाच्या चार बोटं वर नजर लावत आणि म्हणत, "रस्ता वाकडा गेला ना बाई तुमचा. शेजाऱ्याच्या वावरात घुसला." नवखी बाई गोंधळून मागे फाटकाकडे बघे. सरावलेल्या बायका पदर डोक्यावर ओढत आणि कामाचं बोलायला लागत. माझी मावशी त्यांच्याच घराच्या पुढच्या दोन खोल्यांत भाड्याने राहायची, त्यामुळे तिला सुटका नव्हती. सकाळी दुधाचं भांडं घेऊन बाहेर पडण्याआधी ती आरशासमोर जायची. "नवऱ्यानं कदी पाह्यलं नाई इतकं हा माणूस पाह्यते," असं म्हणत हसायची आणि भांग पुन्हा पाडायची.

गिरदावर हे नाव नव्हे, हुद्दा. महसूल खात्यात गावोगाव फिरून शेतांच्या हद्दी तपासणारा, दोन शेतकऱ्यांचं बांधावरून वाजलं की मोजणी करून देणारा अंमलदार म्हणजे गिरदावर. हे गृहस्थ निजामाच्या राज्यात नोकरीला लागले आणि आंध्राच्या राज्यात निवृत्त झाले. मधे राज्य बदललं, साहेब बदलले, कागदावरची लिपी बदलली. यांच्या तोंडातले शब्द तेवढे तेच राहिले. त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण ते उर्दूत, आणि आमच्यात कोणालाच उर्दू वाचता येत नव्हतं. आम्ही मुली त्यांना गिरदावर काका म्हणायचो.

मी यवतमाळची. मे महिन्याची सुट्टी लागली की मावशी मला न्यायला यायची. गाडीनं पैनगंगेचा पूल ओलांडला की दुकानांवरच्या पाट्या गोल गोल अक्षरांच्या व्हायच्या आणि मला वाटायचं, आपण परदेशात आलो. आदिलाबादच्या त्या गल्लीत दुपारी बारानंतर काहीसुद्धा हलत नसे. कडुनिंबाखाली शेळ्या मिटल्या डोळ्यांनी रवंथ करत. विजेच्या तारांना गेल्या हंगामातले कापसाचे पुंजके लटकलेले असत, तेही हलत नसत. बाजाराकडून एखादी हाक येई. ती तेलुगू होती, उर्दू होती की आपली मराठी हे कळायच्या आत विरून जाई. आणि तीन वाजता, सगळी गल्ली झोपेत असताना, गिरदावर काका ओसरीत पाट टाकत आणि त्यावर तळहात आपटून मोठ्यांदा म्हणत, "हाजिर हो!"

मग आम्ही तेलाची बाटली आणि रिबिनी घेऊन जायचो. गल्लीतल्या सहा-सात मुली, निम्म्या तेलुगू, निम्म्या मराठी, आणि सुट्टीपुरती मी. पांढऱ्या मिशांचा, खड्या आवाजाचा हा म्हातारा मुलींच्या वेण्या घालतो याचं पहिल्या वर्षी मला इतकं हसू आलं की मावशीनं मला चिमटा काढला. दुसऱ्या वर्षी मी सगळ्यांत आधी जाऊन पाट पकडला.

भांग पाडायला ते कंगव्याचं टोक वापरत नसत. अंबाडीची एक बारीक दोरी होती त्यांच्याकडे. तिचं एक टोक आपण आपल्या नाकाच्या शेंड्यावर बोटानं दाबून धरायचं, दुसरं ते मानेवरच्या खळगीत धरून ताणायचे. "नाक मंजे हद्दीचा दगड. हालला की मोजणी खराब." शिंक आली तर मोजणी रद्द आणि पुन्हा पहिल्यापासून. दोरीच्या कडेनं शिंगाची फणी फिरली की भांग पडायचा तो असा, की मला वाटे आपल्या डोक्यावरून आता बैलगाडी जाईल. उवा सापडल्या तर त्यांना ते बिनापरवाना वस्ती म्हणत आणि ती उठवल्याशिवाय पुढचं काम करत नसत. मग केसांचे तीन भाग. "तीन भावांची वाटणी हाय हे पोरी. एकालेबी एक केस कमी गेला, की जिंदगीभर तकरार."

आणि मग ती गावं सुरू व्हायची.

एका पेडावर दुसरा पेड आला की एक गाव. "मावला." पुढचा पेड. "मावल्याचा तलाव." पुढचा. "फुटका पूल. चिंचेची रांग. गुडीहत्नूर." ज्या रस्त्यानं ते आयुष्यभर पायी, सायकलनं, बैलगाडीनं फिरले तो रस्ता ते आमच्या पाठीवर पुन्हा चालायचे. वाड्या, विहिरी, मोऱ्या, एखादं झाड, एकदा कुत्रा चावला होता ते ठिकाण, काही सुटत नसे. "इच्चोडा. पाटलाची विहीर. नेरडीगोंडा." आणि दर दोन-चार गावांनंतर, त्याच सुरात, "दुखते का?" आपण "नाई" म्हणायचं. म्हणालं नाही तर हात तिथंच थांबायचे. तेलाचा वास, डोक्यावर सावकाश पडणारा ताण, कडुनिंबातून येणारी गरम झुळूक आणि मागून एकामागून एक येणारी गावं. माझे डोळे निर्मलच्या आधीच मिटायचे. आजही झोप लागत नसली की मी मावल्यापासून निघते, आणि इच्चोड्याच्या पुढे सहसा जात नाही.

वेणी जिथं संपेल त्या गावाला ते रिबीन बांधायचे. गल्लीत वेण्यांची लांबी इंचात नव्हती, गावात होती. कोणाची गुडीहत्नूरपर्यंत, कोणाची इच्चोड्यापर्यंत. समोरच्या घरातली एक तेलुगू मुलगी होती, तिची एकदाच निर्मलला पोचली तेव्हा तिनं आठवडाभर कोणाशी धड बोलणं ठेवलं नाही. रस्ता निर्मलवरून पुढे भैंशाला जातो हे आम्हाला ठाऊक होतं, पण भैंशापर्यंत कोणाचीच वेणी कधी गेली नव्हती. एकदा मी विचारलं, "काका, भैंसा किती लांब आहे?" ते म्हणाले, "लय लांब," आणि रिबिनीची गाठ मारली. खरं तर सकाळच्या बसला बसलं तर माणूस दुपारच्या जेवणाला भैंशात असतो.

असा विक्षिप्त माणूस मी पुन्हा पाहिला नाही. घरातून बाजार किती पावलं आहे हे ते सांगत, आणि सांगून झाल्यावर ऊन कमी झालं की पुन्हा मोजून येत, कारण "रस्त्याचा भरवसा नाई". घड्याळ त्यांना लागत नसे. ओसरीच्या खांबाची सावली कितव्या फरशीवर आली ते बघत. एकदा गल्लीतून वरात चालली होती. हे छत्री घेऊन पुढे गेले, बँड थांबवला आणि घोड्यावरच्या नवरदेवाचं बाशिंग दोन बोटं डावीकडे सरकवून परत आले. नवरदेवाकडची मंडळी तणतणत होती. काकांनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "मधात नोतं," एवढंच मावशीला म्हणाले.

मी चौथीची परीक्षा दिली तो उन्हाळा पंच्याऐंशी-शहाऐंशीचा असावा. त्या वर्षी फेब्रुवारीत मला टायफॉईड झाला. ताप गेला आणि केस जायला लागले. उशीवर, ताटात, खोडरबराला चिकटलेले, जिथं तिथं माझेच केस. आईनं निर्णय घेऊन टाकला होता: सुट्टीत गोटा. एकदा पूर्ण काढले की दाट येतात, असं डॉक्टरांपासून कामवाल्या बाईंपर्यंत सगळ्यांचं एकमत झालं होतं. मला कोणी विचारलं नाही. आई शाळेत मुख्याध्यापिका होती आणि तिच्या निर्णयांवर चर्चा करायची पद्धत आमच्या घरात नव्हती.

मला गोट्याची भीती वाटत होती, पण त्याहून मोठं दुःख दुसरंच होतं. त्या गल्लीत उन्हाळ्यात मोगरा भरात आला की प्रत्येक मुलीची एकदा फुलांची वेणी व्हायची. वेणीवर वरपासून खालपर्यंत मोगऱ्याच्या कळ्या दोऱ्यानं शिवायच्या, मधे अबोलीच्या रांगा, टोकाला गोंडा. मग नवीन परकर-पोलकं घालून बाजारातल्या स्टुडिओत जायचं, आरशाकडे पाठ करून उभं राहायचं, म्हणजे फोटोत तोंडही येतं आणि आरशातली वेणीही. दर वर्षी मावशी म्हणायची, पुढच्या वर्षी करू, अजून लहान आहेस. आणि आता पुढचं वर्ष आलं तर डोक्यावर केस नव्हते.

मी हे काकांना पाटावर बसून सांगितलं. माझी वेणी म्हणजे उंदराचं शेपूट झालं होतं. फुटक्या पुलापाशीच संपत होती. मग ते म्हणाले, "तुले इचारलं का कोनी?"

"नाही."

"मंग असं कसं? मोजणी लावाच्या आंदी जमीनवाल्याले नोटीस द्या लागते."

ते उठले, घरातून दौत आणि टाक घेऊन आले आणि माझ्या आईला अर्ज लिहिला. मी त्याची नक्कल पुढे कितीतरी वर्षं जपून ठेवली होती. "अर्जदार उमर नऊ साल, राहणार यवतमाळ, हाल मुक्काम आदिलाबाद. कारणे अर्ज करते की, अर्जदाराच्या डोक्यावरील केसांचा कब्जा जन्मापासून अर्जदाराकडे चालत आला असून त्याबाबत आजपावेतो कोणाची तकरार नाही. तरी अर्जदाराचे म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय कोणताही फैसला करू नये." खाली माझा अंगठा, कारण सही मला येत असली तरी अंगठा जास्त पक्का असं त्यांचं म्हणणं. मावशी पोट धरून हसली. काका हसले नाहीत. स्वतः पोस्टात जाऊन टाकून आले.

उत्तर येईपर्यंतचे दिवस मी कामात घालवले. काम असं, की समोरच्या घरातल्या बायका फुलांच्या वेणीला जे म्हणायच्या ते मला "फुलं जड" असं ऐकू यायचं. म्हणजे फुलं जड असतात. ती सगळी कळ्यांची रास डोक्याला लटकणार, आणि माझे मेले चार केस तुटून येणार. त्यावर मी उपाय काढला. मावशीचा ओला टॉवेल पिळायचा, चिमट्यानं माझ्या केसांना लावायचा आणि मान ताठ ठेवून ओसरीत फेऱ्या मारायच्या. तिसऱ्या दिवशी काकांनी मला पकडलं.

"काय करून राह्यली व?"

"मान घट्ट करून राह्यली," मी त्यांच्याच भाषेत म्हणाले. "फुलं जड असतात ना."

त्यांना कळायला थोडा वेळ लागला. मग ते जे हसले ते खोकला येईपर्यंत हसले. "अवं, पूल-जडा! तेलगूत जडा मंजे वेणी. पूलजडा, फुलाची वेणी. फुलं काऊन जड राह्यतीन पोरी?" आणि मग डोळे पुसत, जरा वेळानं, अगदी हळू म्हणाले, "केस जड राह्यते." ते असं का म्हणाले हे मला तेव्हा कळलं नाही. टॉवेल उतरवल्यावर डोकं हलकं झालं एवढंच कळलं.

आईचं मावशीला पत्र आलं. "गिरदावर साहेबांना नमस्कार सांग. अर्ज मिळाला. गोटा करावाच लागेल, दुसरा इलाज नाही. मी रविवारी येते, सोमवारी न्हाव्याला बोलवू. त्याआधी तिला हवी ती वेणी घालून द्या." मावशी म्हणाली, बघ, आई काही इतकी वाईट नाही. पण वेणी घालणार कशावर? सुईदोरा धरायला केस तर हवेत. मावशीनं बाजारातून काळ्या लोकरीचं गंगावन आणलं. गंगावन म्हणजे वेणी लांब आणि जाड करायला आत गुंफतात ते सुटे केस. काकांनी ते दोन बोटांत उचलून बघितलं आणि परत तिच्या हातात ठेवलं. "खोटा कागद हाय हा. याच्यावर मी काम नाई करत."

रविवारी दुपारी मी पाटावर बसले. शेजारी ओल्या फडक्यात मोगऱ्याच्या कळ्या होत्या. काका आत गेले. पत्र्याच्या पेटीचं झाकण वाजलं, कापराचा वास आला, आणि ते एक मऊ कापडाची गुंडाळी घेऊन आले. आत केस होते. खरे, कोणा माणसाचे, थोडे तांबूस झालेले, माझ्या हाताएवढे लांब.

"हे कोणाचे?"

"नाक धर," ते म्हणाले. मी दोरीचं टोक नाकावर दाबलं.

पाठीमागे बसलेल्या माणसाला खूप काही बोलता येतं, हे मला त्या दुपारी समजलं. तो तुमचं तोंड बघत नाही, तुम्ही त्याचं बघत नाही. मावल्याच्या तलावापाशी ते म्हणाले, "माह्यी पोरगी हाय. भैंशाले राह्यते." चिंचेच्या रांगेपाशी म्हणाले, "तिची माय गेली तवा ती आठ वर्साची होती." त्यांना वेणी घालता येत नव्हती. रोज सकाळी शाळेच्या वेळेला ओढाताण, रोज रडारड. केस आईवर गेलेले, कमरेपर्यंत. एक दिवस कचेरीत जमाबंदी होती, वर्षाचा सगळा हिशेब तपासायला वरचे साहेब येणार होते, आणि इकडे केसांचा गुंता सुटेना. त्यांनी कात्री घेतली आणि वेणी मुळापासून कापली.

"रडली?" मी विचारलं.

"नाई ना. रडली असती तं बरं झालं असतं. माह्याकडं पाह्यलं आन मने, आता तुमाले टाइम भेटन बाबा." हात थांबले होते. "सुट्टीत तिच्या मावशीकडं भैंशाले गेली, ते परत नाई आली. तिथंच शिकली, तिथंच लगन झालं. दुखते का?"

"नाई."

पुढचं त्यांनी गुडीहत्नूर आणि इच्चोड्याच्या मधे सांगितलं. कापलेल्या वेणीतला तो गुंता त्यांनी नंतर घरी बसून सोडवला. तीन दिवस लागले. "तीन दिवस होते माह्याजवळ. त्या सकाळी तीन मिंटं नोते." मग तलमडुगुकडे मोजणीला गेले असताना एका दोर वळणाऱ्या म्हाताऱ्याकडे बसून ते पेड घालायला शिकले; अंबाडीवर शिकले, बैलाच्या गोंड्यावर शिकले. हात बसल्यावर एकदा भैंशाला गेले, फणी आणि तेल घेऊन. मुलगी तेव्हा बारा वर्षांची. ती म्हणाली, माझी मी घालते. त्यानंतर ते भैंशाला गेले नाहीत.

नेरडीगोंडा गेलं. माझे चार केस आणि तिचे ते जुने केस एकमेकांत असे गुंफले जात होते की ओढ कुठं कोणाची हे मला कळत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर दुखत होतं. गंगावन पक्कं बसावं म्हणून त्यांनी मुळाशी असं आवळलं होतं की माझ्या भुवया वर गेल्या होत्या. पण ते विचारायचे, आणि मी नाई म्हणायची. निर्मल आलं. निर्मलच्या पुढे त्यांचा आवाज बारीक झाला. एक गाव, एक नाला, अजून एक गाव. मग ते थांबले.

"भैंसा," ते म्हणाले आणि गाठ मारली.

कळ्या शिवणं चालू असताना आई आली. खांद्यावर पिशवी, उन्हानं लाल झालेली. ओसरीच्या पायरीवर ती उभीच राहिली. काकांनी सुई दातात धरून नमस्कार केला, मग सुई काढली आणि म्हणाले, "अर्जदार हाजिर हाय बाई. इचारा."

"काय विचारू?"

"उद्याचं. कराचं का नाई ते."

आई प्रवासानं दमलेली होती. "साहेब, नऊ वर्षांची आहे ती. तिला काय कळतंय त्यातलं?"

"माह्यी आठ वर्साची होती," काका म्हणाले.

आईला त्यांची गोष्ट माहीत नव्हती. पण तिनं त्यांच्याकडे बघितलं, मग कापडाच्या त्या रिकाम्या गुंडाळीकडे, मग माझ्या पाठीवरच्या वेणीकडे, आणि पिशवी खाली ठेवली. माझ्या समोर जमिनीवर बसली. शाळेत शेकडो मुलींना नुसत्या नजरेनं गप्प करणारी माझी आई माझ्यासमोर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "सांग. उद्या करायचा का गोटा?" मला आयुष्यात पहिल्यांदा कोणी काही विचारत होतं. मी चांगला विचार केला. केस तर जातच होते. मी म्हणाले, "फोटो झाल्यावर करा." आईचे डोळे भरून आले. काकांनी दोरा तोडला.

स्टुडिओतला पडदा समुद्राचा होता, नारळाची झाडं, होडी, निळं पाणी. आदिलाबादहून समुद्र किती गावं लांब असेल कोण जाणे. मी आरशाकडे पाठ करून उभी राहिले. फोटोग्राफर काळ्या कापडाखाली शिरला आणि तेवढ्यात काका पुढे झाले. गोंडा सरळ नव्हता. त्याच क्षणी फोटो निघाला. त्यामुळे त्या फोटोत समोर मी आहे, ताठ मानेची, वर गेलेल्या भुवयांची; मागे आरशात पांढरी वेणी आहे, आणि वेणीच्या टोकाशी त्यांचे दोन हात आहेत. त्यांचा दुसरा फोटो कोणाजवळ नाही.

सोमवारी गोटा झाला. मी रडले नाही. मला विचारलेलं होतं.

फोटोच्या तीन प्रती आल्या. एक माझी, एक त्यांची. तिसऱ्या प्रतीसाठी त्यांनी पाकीट आणलं, वर भैंशाचा पत्ता लिहिला, आणि दोन दिवस ते पाकीट तसंच ओसरीत पडून होतं. माझं निघायचं ठरलं त्या दिवशी त्यांनी मला टाक दिला. "फोटोच्या मागं तू लिव."

"काय लिहू?"

"पंचनामा लिव. डोळ्यानं पाह्यलं ते. बाकी कायी नाई."

मी लिहिलं: "पंचनामा. गिरदावर काकांनी माझी फुलांची वेणी घातली. त्यात तुमचे केस आहेत. वेणी भैंशापर्यंत पोचली. फुलं जड नव्हती. काकांनी पुष्कळ वेळा विचारलं दुखते का. दुखलं नाही." त्यांनी वाचलं, खाली माझी सही घेतली, आणि पाकीट चिकटवलं.

उत्तर आलं नाही. पुढच्या वर्षी आलं नाही, त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. दुपारच्या टपालाचा पोस्टमन गल्लीत वळला की कोणाच्या तरी पाठीवर चाललेला रस्ता मधेच कुठल्यातरी विहिरीपाशी थांबायचा. पोस्टमन पुढे गेला की तिथूनच पुन्हा सुरू व्हायचा. त्यांनी मला त्याबद्दल कधी अक्षरानं विचारलं नाही, मला मात्र वाटत राहायचं, मी काहीतरी चुकीचं लिहिलं.

ब्याण्णव-त्र्याण्णवला मावशीच्या यजमानांची बदली झाली. मी तेव्हा कॉलेजात होते. सामान बांधायला मदत म्हणून गेले. माझे केस पुन्हा कमरेपर्यंत आले होते. काकांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. गल्लीतल्या मुली आता केस कापून घेत, वेण्यांना कोणी येत नव्हतं. पाट भिंतीला टेकवून ठेवलेला होता. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, भांग बोटानं चाचपला आणि म्हणाले, "यवतमाळ. बरा पिकला की वं यंदा." आम्ही गेल्यावर त्यांच्याजवळ कोणी राहणार नव्हतं. मावशीनं गुपचूप भैंशाला एक पत्र टाकलं होतं. मुलगी येईल असं तिलाही वाटत नव्हतं.

एका दुपारी फाटक वाजलं. पंचेचाळिशीची एक बाई, हातात कापडी पिशवी. मी तिच्या तोंडाआधी तिचा भांग बघितला, सवय लागते. इतका सरळ भांग मी जन्मात पाहिला नव्हता. केस घट्ट बांधलेले, एक बट बाहेर नाही. ती ओसरीत आली, आत झोपलेल्या म्हाताऱ्याकडे बघितलं, आणि पिशवीतून तो फोटो काढून माझ्यापुढे धरला.

"हे तूच का?"

"हो."

तिनं फोटो उलटा केला. कडा मऊ पडल्या होत्या, पुन्हा पुन्हा हाताळल्यासारख्या. "खरंच दुखलं नोतं?"

इतक्या वर्षांनी मला त्या पंचनाम्याची लाज वाटली. "दुखलं होतं," मी म्हणाले. "चांगलंच."

ती पहिल्यांदा हसली. "मले वाटलंच. लय आवळते तो माणूस."

आतून आवाज आला, "कोन हाय?" ते भिंतीला धरून ओसरीत आले, आणि तिनं पुढे होऊन त्यांचा हात आपल्या डोक्यावर ठेवला. बोटं भांगावरून मागे गेली, अंबाड्यापाशी थांबली, तिथंच राहिली. मग ती म्हणाली, "बाबा, डोळ्याचं ऑपरेशन कराचं हाय. भैंशाले चला माह्यासंग."

"मी नाई येत," ते म्हणाले. "कोन्या तोंडानं येऊ?"

तिनं पिशवी ठेवली. भिंतीला टेकवलेला पाट ओढला, त्यांच्या पुढ्यात टाकला आणि त्यावर बसली. अंबाडा सोडला. अर्धे काळे, अर्धे पांढरे केस पाठीवर आले. "चार वाजता गाडी हाय," ती म्हणाली. "टाइम हाय तुमाले?"

मी आतून दोरी आणून दिली. "नाक धर," ते म्हणाले. तिनं टोक नाकाच्या शेंड्यावर बोटानं दाबून धरलं. दोरी अशी तिरकी बसली होती की मी पुढे होणार होते, मावशीनं माझा हात धरला. त्यांना दिसत नव्हतं. फणी फिरली आणि भांग डावीकडे निघून गेला. मग पहिला पेड पडला. "मावला," ते म्हणाले. "मावल्याचा तलाव." केस बोटांत अडकत होते, ओढले जात होते. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि नाकावरचं बोट हललं नव्हतं.

"दुखते का?"

"नाई," ती म्हणाली.

गुडीहत्नूर, इच्चोडा, नेरडीगोंडा. प्रत्येक वेळी त्यांनी विचारलं आणि प्रत्येक वेळी ती नाई म्हणाली. निर्मलला वेणी संपली; रिबीन नव्हती म्हणून मी माझी काढून दिली. भैंसा ते बोलले नाहीत. तिथं जायचंच होतं.

निघताना मी तिच्यापुढे छोटा आरसा धरला. भांग फार वाकडा पडला होता. इतक्या नीटनेटक्या बाईनं असं चार लोकांत जावं हे मला बरं वाटेना. तिनं आरसा हातानं बाजूला केला आणि स्टँडवर जाऊन वडलांना गाडीत चढवलं. ते खिडकीशी बसले, ती त्यांच्या शेजारी. गाडी मावल्याकडे वळेपर्यंत मला तिचं डोकं दिसत होतं. रस्ता वाकडा गेला होता, पार शेजाऱ्याच्या वावरात घुसला होता, आणि तिनं तो तसाच राहू दिला होता.